बाटलीवर भरवसा नाही म्हणून चांदी

माझी थोरली बहीण कुणावरही विश्वास ठेवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, ओळख म्हणून लिहितोय. भाजीवाल्याने काटा उचलला की ती आधी रिकामं पारडं बघते. डॉक्टरने गोळी लिहून दिली की त्यालाच विचारते, तुमच्या आईला हीच दिली असती का. दारात कुणी 'ओळखलंत का' म्हणत हसत उभं राहिलं, तर ओळखलेलं असूनही 'नाही' म्हणते आणि तो पुढे काय सांगतो ते ऐकते. वाईट एवढंच की तिचा संशय बहुतेक वेळा खरा निघतो. नवऱ्याच्या फोनबद्दलचा निघाला. ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ती चित्रं काढायची, तिथल्या साहेबाबद्दलचाही निघाला. तिच्या चित्राखाली त्याने आपल्या मेहुण्याचं नाव घातलं होतं. दोघांना तिने सारखंच सोडलं. भांडली नाही, रडली नाही, सामान उचललं आणि चालायला लागली.

आता ती घरी बसून न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढते. बिल्डर लोक नकाशे पाठवतात, ताई त्यांत भिंती उभ्या करते, खिडक्यांत ऊन सोडते, गच्चीवर झाडं लावते आणि शेवटी एक फिल्म बनवते, जिच्यात आपण त्या नसलेल्या घरातून चालत जातो. मी तिला म्हणतो, तू खोट्या घरांत खरं ऊन पाडतेस. ती म्हणते, तू खऱ्या माणसांना खोटी आश्वासनं देतोस, मग पुढारी, जास्त पाप कुणाचं? मला ती पुढारीच म्हणते. वस्तीची गाऱ्हाणी घेऊन मी पालिकेत भांडतो, एवढंच. कुठल्या पक्षाचा नाही, आयुष्यात निवडणूक लढवली नाही, तरीही.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, वर पत्रा, खाली सिमेंटचं दुकान. दुपारी पत्रा तापतो आणि पोतं आपटलं की खिडकीतून पिठासारखी धूळ वर येते. असल्या खोलीत फिल्म बनवणारा कॉम्प्युटर म्हणजे पेटलेली शेगडी. पूर्वीच्या मशीनचे पंखे असे घोंघावायचे की आई कानात कापूस घालून बसायची. अख्खं आयुष्य धुलाईच्या भट्टीच्या आणि इस्त्रीच्या धगीत काढलेल्या बाईला म्हातारपणी ही नवी भट्टी कशाला, असं ताईला वाटलं. म्हणून तिने मशीन पाण्यावर थंड करायचं ठरवलं.

कल्पना सोपी आहे. एक छोटा पंप पाणी ढकलतो. ते पाणी नळीतून प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून जातं, तिथली गरमी उचलतं, रेडिएटरमध्ये जाऊन ती सोडतं आणि काचेच्या उभ्या टाकीत परत येतं. पंखे हळू फिरले तरी भागतं. कल्पना सोपी, पण एक थेंब चुकीच्या जागी पडला की सगळी कमाई धूर. हे काम लोक मेकॅनिककडून करून घेतात. ताई कशी करून घेईल? पूर्वी एकाने दुरुस्तीच्या नावाखाली तिची नवी रॅम काढून जुनी बसवली होती. त्या दिवसापासून तिच्या मशीनला परक्याचा हात लागलेला नव्हता. व्हिडिओ बघून, दोन नळ्या वाया घालवून, बोटं कापून घेऊन तिने सगळं स्वतः जोडलं.

आणि कॅबिनेटच्या प्रत्येक स्क्रूवर तिने नेलपॉलिशचा ठिपका लावला. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार. रंगही असा शोधला, तपकिरीवर जांभळी झाक असलेला, की जो आता बाजारात मिळत नाही. नाहीतर चोर तसाच रंग आणून परत ठिपका लावेल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ताई, इतका हुशार चोर असेल तर तो तुझी रॅम चोरणार नाही, बँक लुटेल. त्यावर ती म्हणाली की बँकेचं बँक बघेल.

आत फिरतं ते नुसतं पाणी नसतं. साधं पाणी घातलं तर काही महिन्यांत शेवाळ धरतं, धातू खराब होतो. म्हणून दुकानात तयार कूलंटची बाटली मिळते, औषध घातलेली. काही जण त्याऐवजी डिस्टिल्ड पाणी घालतात आणि शेवाळ धरू नये म्हणून टाकीत शुद्ध चांदीच्या तारेचं वेटोळं सोडतात. दोन्ही रस्ते चालतात. माणूस एक निवडतो.

ताईने दोन्ही निवडले. बाटलीतलं औषध खरं असेलच कशावरून, म्हणून चांदी. आणि सोनाराने दिलेली चांदी शुद्ध असेलच कशावरून, म्हणून बाटली. दोघांतला एक तरी लबाड असणार, असा हिशोब. दर वर्षी सगळं पाणी काढायचं, आतून धुवायचं, नव्याने भरायचं, हा तिचा नेम होता, आणि या खेपेला भरताना पहिल्यांदाच तिने ही दुहेरी तटबंदी केली होती. मला अभिमानाने दाखवलंही होतं. काचेच्या टाकीत निळसर पाणी आणि तळाशी चमकणारं वेटोळं. दिसायला छान दिसत होतं, खोटं कशाला बोला.

आता मैदानाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन अडलं.

आमच्या वस्तीच्या मागे कपडे वाळवायचं मैदान आहे. धुलाईचं काम करणाऱ्या शंभरेक घरांच्या दोऱ्या तिथे बांधलेल्या. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, लग्नाच्या हॉलचे पडदे, सगळं तिथल्या उन्हावर वाळतं. आई तिथेच राबली. ताई आणि मी ओल्या चादरींच्या मधून पळापळी खेळत वाढलो. या मैदानाला लागून, दक्षिणेच्या अंगाला, एका बिल्डरने टॉवर मंजुरीला टाकला. मैदान तो घेत नव्हता, एका दोरीलाही हात लावत नव्हता. म्हणून सगळे म्हणाले, मग तुमचं नुकसान काय? मला कळत होतं काय ते, दाखवता येत नव्हतं. थंडीत सूर्य खाली असतो, तेव्हा त्या टॉवरची सावली अख्ख्या मैदानावर पडणार होती. ओली चादर सावलीत कशी वाळते ते आमच्या बायकांना विचारा. वाळत नाही, कुबटते. पालिकेत सुनावणी लागली होती आणि तिथे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, हे मी खूप सुनावण्यांत शिकलोय. मला चित्र हवं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावली मैदानावरून कशी सरकते याची फिल्म.

ताई तयार झाली, पण अटी घालून. टॉवरची उंची ती सुनावणीच्या नोटिशीला जोडलेल्या नकाशातूनच घेणार, माझ्या सांगण्यावरून नाही. थंडीची सावली दाखवायची तशी उन्हाळ्याचीही दाखवायची, जी तोकडी असते. मी म्हटलं, तोकडी कशाला दाखवायची, आपल्याच पायावर धोंडा? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिची रॅम काढून नेली होती.

अडचण एकच, आणि ती मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. टॉवरवाला बिल्डर तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या दुसऱ्या इमारतींची चित्रं तीच काढते. घर त्यावर चालतं.

सुनावणी तोंडावर आली आणि मशीन बंद पडायला लागलं. फिल्म बनवायला घेतली की थोड्या वेळाने स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळी. तापमानाचा आकडा बघता बघता चढायचा आणि मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद व्हायचं. ताईने सगळ्यात आधी काय केलं असेल? टॉर्च घेऊन स्क्रूंवरचे ठिपके तपासले. सगळे शाबूत. मग माझ्याकडे वळली आणि विचारलं, गेल्या आठवड्यात ती आईला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा घरात कोण होतं. मी होतो. मी म्हटलं, माझ्याच फिल्मचं मशीन मीच कशाला बिघडवू? ती म्हणाली की मैदान हरलं तर भाषण करायला तुला बरंच पडेल. माझं डोकं सणकलं. आई कॉटवरून म्हणाली, भांडा, भांडा, मशीन तेवढ्यात थंड होईल.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात किडा वळवळत होता. आदल्या दिवशी ताई स्वयंपाकघरात असताना तिचा फोन वाजला होता आणि पडद्यावर टॉवरवाल्याचं नाव मी वाचलं होतं. ती आली, फोन उचलला, बाहेर जिन्यात जाऊन बोलली, परत येऊन एक अक्षर सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मशीन बंद. मी रस्त्यावर वाढलोय, दोन आणि दोन मला शिकवायला लागत नाहीत.

तिने टाकीवर टॉर्च मारला तर निळं पाणी राखाडी झालेलं, चांदी काळी पडलेली. आता तिचा संशय माझ्यावरून उठून बाटलीवर बसला. बाटलीत भेसळ होती, दुकानदाराने फसवलं. तिने मशीनचा प्लग काढला, खालच्या तोटीतून पाणी काढलं, त्यातलं थोडं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं आणि मला म्हणाली, चल, साक्षीदार म्हणून. मी गेलो, पण साक्षीदार म्हणून नाही. ती खरंच दुकानात जाते की वाटेत कुणाला भेटते, ते बघायला.

कॉम्प्युटरच्या भागांचं ते दुकान बसस्टँडच्या मागे, एका गाळ्यात. दुकानदार जाड चष्म्याचा, स्वतःवर फार खूश असलेला माणूस. ताईने बरणी काउंटरवर आपटली. तो चिडला नाही. बरणी उजेडात धरली, हलवली, तळाचा गाळ फिरताना पाहिला आणि विचारलं, बाई, यात अजून काय घातलं होतं? ताई म्हणाली, तुमच्या बाटलीत काय होतं ते आधी सांगा. त्याने पुन्हा विचारलं, ही पुन्हा तेच. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी मीच म्हटलं, चांदी. ताईने माझ्याकडे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

दुकानदाराने फळीवरची तशीच बाटली काढली, मागची बाजू आमच्याकडे फिरवली आणि बारीक अक्षरांवर नख ठेवलं. या कूलंटबरोबर चांदी वापरू नये. औषधाचं आणि चांदीचं पटत नाही, गाळ तयार होतो.

"लेबल वाचलं नाहीत?" त्याने विचारलं.

"लेबल कोण लिहितं?" ताई म्हणाली. "विकणाराच ना? मग ते मी कशाला वाचू?"

दुकानातला एक जण हसला. दुकानदाराने बाटली तिच्याकडे सरकवली. जन्मात तिने एकाही लेबलवर विश्वास ठेवला नव्हता आणि बहुतेक वेळा तेच बरोबर ठरलं होतं. या वेळी विकणाऱ्याने खरं लिहिलं होतं. तिने नवी बाटली घेतली, झाकणाचं सील दोनदा तपासलं आणि तिथेच उभं राहून मागचा सगळा मजकूर वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारखान्याच्या पत्त्यासकट. मागची रांग तिष्ठत राहिली.

घरी आल्यावर धुणं सुरू झालं. ठिपके तिने स्वतःच्या हाताने फोडले. नळ्या सोडवल्या. ग्राफिक्स कार्ड ताटात ठेवून त्यावरचा ब्लॉक उघडला. आत तांब्याच्या इतक्या बारीक पट्ट्या असतात की उवांचा कंगवा आठवावा, आणि त्या फटींत राखाडी चिखल गच्च बसला होता. पाणी जाणार कुठून? तिने मऊ टूथब्रशने पट्ट्यांच्या दिशेने, आडवा हात न मारता, चिखल काढला. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी भरून दोन्ही तोंडं दाबून तो लहान मूल खेळवावं तसा हलवला, ओतला, पुन्हा भरला, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. काळी पडलेली चांदी कागदात गुंडाळून कपाटात टाकली. सोनाराकडे तपासून घेणार आहे म्हणाली.

एरवी ती हे सगळं एकटी करते. या वेळी हात कमी पडत होते, तेव्हा तिने मला टॉर्च धरायला दिला आणि नंतर, नाइलाजाने, एक नळी घट्ट करायला. त्या मशीनला लागलेला तो पहिला परका हात. सगळा वेळ तिची नजर टॉर्चच्या उजेडावर नव्हती, माझ्या बोटांवर होती. ब्लॉक आणि चिपच्या मध्ये, गरमी नीट पोचावी म्हणून, नवी पेस्ट लावली, टाकीत कूलंट ओतलं, कॅबिनेट एकदा इकडे, एकदा तिकडे कलतं करून अडकलेले बुडबुडे वर आणले.

मग तिने जे केलं त्याने माझं डोकं फिरलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, प्लगमध्ये तारेचा तुकडा घालून फक्त पंप चालू केला. बाकी सगळं मशीन मेलेलं. म्हणाली, आता हे असंच चालू राहील उद्या सकाळपर्यंत. टिश्यू कोरडा राहिला तर मशीन सुरू करायचं.

सुनावणी उद्या दुपारी होती. फिल्म अजून बनायची होती. मी म्हटलं, पाणी दिसतंय ना फिरताना, गळत नाहीये, कर सुरू. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा नाही. मग जे पोटात होतं ते तोंडात आलं.

"सरळ सांग ना, टॉवरवाल्याने सांगितलंय उशीर कर म्हणून. फोन मी बघितलाय."

आई उठून बसली.

"आला होता फोन," ताई म्हणाली. "विचारत होता, भावासाठी काही काढतेयस का. मी म्हटलं, काढतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी भाषणात सांगितलं असतंस. माझ्या बहिणीला धमकी, माझ्या बहिणीला दबाव. धमकी त्याने दिलीच नव्हती. नुसतं विचारलं होतं."

मला जास्तच राग आला. कारण तिने जे सांगितलं ते मी केलं असतं, आणि चांगलं केलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी खाली उतरून सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसलो. दुकानवाला म्हणाला, वरून हाकललं का. मी म्हटलं, नाही, हवा खायला आलोय. धूळ खात बसलो होतो.

सकाळी वर गेलो तेव्हा ताई मशीनसमोर उकिडवी बसली होती. सगळे टिश्यू कोरडे, एक सोडून. ग्राफिक्स कार्डच्या वरच्या जोडाखालची घडी ओली होती. मशीन चालू असतं तर तो थेंब सरळ कार्डावर. आणि तो जोड मी घट्ट केलेला होता. ताईने नळी सोडवली, आतली रबरी रिंग काढून माझ्यासमोर धरली. एका बाजूने चिमटून चिरलेली. मी आजही म्हणतो की ती रिंग आधीपासून चिरलेली होती. ती आजही काही म्हणत नाही.

नवी रिंग घातली, पुन्हा थोडा वेळ नुसता पंप चालवला, मग मशीन सुरू केलं. तापमानाचा आकडा चढला, थांबला आणि तिथेच राहिला. पूर्ण फिल्मला वेळ उरला नव्हता. तिने चित्र लहान केलं, झाडं काढली, खिडक्या काढल्या, टॉवर नुसता राखाडी खोका ठेवला. उन्हाळ्याचा एक दिवस, थंडीचा एक दिवस. मी म्हटलं, वेळ नाही तर निदान थंडीचा आधी बनव. तिने उन्हाळ्याचा आधी बनवला. का, ते विचारायची सोय नव्हती.

सुनावणीच्या खोलीत पंखा नव्हता, खुर्च्या कमी होत्या, वस्तीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. फिल्म लावली. थंडीची सावली सकाळी मैदानाच्या कडेला टेकली, मग दोऱ्यांवरून सरकत सरकत सगळं मैदान गिळून बसली. बिल्डरचा इंजिनिअर उठला आणि हसत म्हणाला, साहेब, हे चित्र यांच्या बहिणीने घरी बसून काढलंय. भाऊ सांगेल तशी सावली पडणारच.

मी उभा राहिलो, तोंड उघडलं, तोवर मागून ताईचा आवाज आला. ती येणार नव्हती. माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती, चित्रात नाही ते मी बोलतोय का ते बघायला.

"बरोबर बोलतायत ते," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी याची बहीण आहे, आणि यांच्या इमारतींची चित्रंही मीच काढते. यांच्याही चित्रांवर ठेवू नका. तुमचा माणूस पाठवा, जागा मोजा, तुमच्याच माणसाकडून सावली काढून घ्या. तोवर सही करू नका."

अधिकाऱ्याने मंजुरी थांबवून मोजणीचा आदेश दिला. मला तिथल्या तिथे नामंजुरी हवी होती. जिन्यात मी तिच्यावर ओरडलो की खरं होतं ते खरं आहे असं ठासून का नाही म्हणालीस, अर्ध्या विजयावर का सोडलंस. ती म्हणाली, माझ्या तोंडून खरं असून काय उपयोग? उद्या ते म्हणतील, बहीण होती. पालिकेच्याच माणसाने मोजलं तर काय म्हणतील?

टॉवरवाल्याचा फोन त्यानंतर आलेला नाही. ताई सध्या एका शाळेच्या इमारतीचं चित्र काढतेय, काम कमी आहे, मशीन शांत आहे.

मोजणीदार परवा आला. मैदानात दोऱ्यांखालून वाकत वाकत टेप ओढत होता, अंगावर ओल्या चादरी येत होत्या, बायका त्याला वाट करून देत होत्या. मी लोकांना गोळा करून मोजणीचं महत्त्व समजावत होतो. ताई ऐकत नव्हती. ती टेपच्या दुसऱ्या टोकाशी उकिडवी बसली होती, आणि शून्याची खूण भिंतीला नीट टेकलीय का ते मान वाकडी करून बघत होती.